अंग चेपायचं कसं: नवख्यांसाठी मालिशचे पहिले धडे

आमच्या सांगलीत कुणाची पाठ धरली की पहिला प्रश्न येतो, "कुणाकडनं रगडून घेतली का?" दुसरा प्रश्न, "जोर किती लावला?" कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांचा हा जिल्हा. इथं मालिश म्हटलं की डोळ्यांसमोर तालीम येते, लाल माती येते आणि पैलवानाच्या पोटरीवर अंगठे रोवून बसलेला त्याचा जोडीदार येतो. त्यामुळे डोळ्यांतून पाणी काढत नाही ती मालिश कसली, असं पुष्कळांना वाटतं.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. दिवसभर मान खाली, उजव्या हातात माऊस, डाव्या कानाला मोबाइल. पैलवानाचं अंग रोजच्या जोर-बैठकांनी आणि रोजच्या तेलानं तयार झालेलं असतं, त्याला तो दाब सोसतो. माझ्यासारख्याच्या आखडलेल्या मानेला तसं रगडलं तर ती दोन दिवस वळत नाही. हे मी करून, भोगून शिकलोय. तेव्हा पुढं जे सांगतो ते अडतीवरच्या कारकुनासाठी, कुपवाडच्या एमआयडीसीत आठ तास उभं राहणाऱ्यासाठी, तासगावच्या द्राक्षमांडवाखाली हात वर करून घडांची विरळणी करणाऱ्या बाईसाठी आणि या सगळ्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आधी, मालिश नेमकं करते काय?

दगडाची ठेच लागली की आपण न शिकवताच अंगठा धरून चोळतो, आणि चोळताना दुखणं जरा कमी वाटतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली याची एक उपपत्ती मांडली. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूपाशी पोचले की वेदनेच्या संदेशांना तिथं वाट कमी मिळते, जणू फाटक अर्धं लोटलं जातं. पुढं त्या उपपत्तीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकून आहे. शिवाय सावकाश, एका लयीतल्या स्पर्शानं श्वास संथ होतो, आवळून धरलेले स्नायू सैल पडतात आणि झोप लागायला मदत होते.

आता मालिश काय करत नाही तेही बघू. "अंगातली घाण निघून जाते", "लॅक्टिक ॲसिड बाहेर पडतं" हे सर्रास ऐकू येतं. कष्टानं तयार झालेलं लॅक्टेट मालिश नसली तरी तासाभरात शरीर स्वतःच निकाली काढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते त्यामुळे नाही, स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे. मालिशनं मणक्यातली सरकलेली चकती जागेवर बसत नाही आणि झिजलेला गुडघा भरून येत नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ साली कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्यानं सुरू झालेल्या साध्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी करून बघण्याच्या उपायांत तिथं शेक आणि मालिश या दोन्हींचा समावेश आहे. मालिशचा पुरावा फार भक्कम नाही, अशी नोंदही सोबत आहे. माझा अनुभवही तसाच. मालिशनं काही तास, फार तर दोन-तीन दिवस आराम पडतो. त्या मोकळ्या दिवसांत तुम्ही हालचाल वाढवली तर उपयोग टिकतो, नाहीतर पुढच्या सोमवारी मान पुन्हा तिथंच.

पहिली पायरी: हात लावायचा की डॉक्टरांकडे जायचं

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक गाळतात. गाळू नका.

डावा खांदा, जबडा किंवा छाती भरून आली, सोबत घाम सुटला, धाप लागली, मळमळलं तर तेलाची वाटी ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. "गॅस झालाय, जरा चोळ" म्हणण्यात मोलाचा वेळ जातो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती चोळायची नाही. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा बाळंतपण नुकतंच झालेलं असेल तर ही शंका आधी घ्या.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी डॉक्टर. पडल्यावरचं दुखणं, ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांतलं काही असलं तरी आधी तपासणी.

ताप असताना, कातडीला नायटा, गळू किंवा जखम असताना त्या जागी मालिश नको. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, कॅन्सरचे उपचार सुरू असतील, गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मुका मार लागून सूज आली असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी चोळणं टाळा. आणि हाड मोडल्याची शंका आली तर हाडवैद्याच्या पट्टीआधी एक्स-रे काढा. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, वॉन्लेस इस्पितळाची सुरुवात १८९४ सालची. सांगलीतनं जायला वेळ तो किती लागतो!

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीत घालून घ्यायची, हा आमच्याकडचा जुना इलाज. उसण बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे पायाळू माणसाची कीर्ती अबाधित राहते. लाथ हलकी असली तर गंमत म्हणून सोडून द्या. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीत मात्र गमतीनंही नको.

दुसरी पायरी: तयारी

जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. रात्री झोपण्याआधीची किंवा सकाळी अंघोळीआधीची वेळ बरी. जाड सतरंजीवर जुनी चादर अंथरा. पलंगाच्या मऊ गादीवर दाब खाली निसटतो आणि मालिश करणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच.

तेल कुठलं, यावर आमच्या घरात तीन पिढ्यांचं भांडण आहे. दिवाळीत पहाटे अंगाला लागतं ते तिळाचं, थंडीत तेच चांगलं. उन्हाळ्यात खोबरेल हलकं वाटतं. लाकडी घाण्याचं मिळालं तर उत्तमच, पण साध्या तेलानंही काम होतं. तेलाचं काम मुख्यतः हात घसरू देणं आणि कातडी ओढली न जाणं एवढंच. अख्ख्या पाठीला दोन-तीन चमचे पुरतात. फार तेल घेतलं तर हात नुसता घसरतो, पकड येत नाही. तेल गॅसवर तापवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. नवं तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या खळगीत थोडं लावून खाज येते का ते पाहा.

गंधपुऱ्याचं तेल किंवा झणझणीत मलम लावलं तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, कातडी भाजते. ही बाटली लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. गंधपुऱ्याचं थोडं तेल पोटात गेलं तरी विषबाधा होते.

तिसरी पायरी: दाब मोजायला शिका

शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मनात एक पट्टी धरा. चार ते सहा यांच्यामध्ये राहायचं. "दुखतंय पण बरं वाटतंय" ही ती जागा. माणूस श्वास रोखून धरायला लागला, मुठी आवळल्या, दात-ओठ खाल्ले की दाब जास्त झाला असं समजा. घाबरलेला स्नायू सैल होत नाही, उलट आवळतो. तालमीतला जोर घरी चालत नाही तो यासाठी.

चौथी पायरी: आपली मान आपणच

इथं थोडा वेळ द्या, कारण बहुतेकांचं दुखणं इथंच असतं आणि यासाठी दुसऱ्या कुणाची गरज नाही.

खुर्चीवर टेकून बसा. उजवा हात डाव्या खांद्यावर टाका आणि डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार द्या, म्हणजे उजवा खांदा थकत नाही. मान आणि खांदा यांच्यामधला मांसल भाग बोटं आणि तळहाताच्या मुळाच्या मध्ये धरा. कणीक मळतो तसं धरायचं, चिमटा काढायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरून ठेवा, सोडा, दोन बोटं बाहेर सरका, पुन्हा धरा. मानेकडून खांद्याच्या टोकापर्यंत असं पाच-सहा वेळा. मग दुसरी बाजू.

आता दोन्ही अंगठे डोक्याच्या मागं न्या. कवटीचं हाड संपतं तिथं मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे लागतात. डोकं किंचित मागं टेकवून त्या खळग्यांत अंगठ्यांनी छोटी वर्तुळं काढा. अर्धा मिनिट पुरे. स्क्रीनसमोर बसून जडावलेलं डोकं इथं हलकं होतं. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, दाबायचं नाही. अजिबात नाही.

खवाट्याच्या आतली गाठ हाताला लागत नाही. त्यासाठी पोरांचा टेनिसचा चेंडू मोज्यात घाला, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढं धरा आणि चेंडू पाठ व भिंत यांच्यामध्ये अडकवा. गुडघे थोडे वाकवून हळूहळू वर-खाली व्हा. दुखरी जागा सापडली की तिथं थांबून चार-पाच लांब श्वास घ्या. चेंडू मणक्यावर नाही, मणक्याच्या बाजूला हवा.

आणि सलूनमधली चंपी. कटिंगनंतरची डोक्याची मालिश मलाही प्रिय आहे. पण शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडतात, त्याला आधीच नाही म्हणा. एकदा मी बोललो नाही. दोन दिवस मान आणि उजवा हात मुंग्यांनी भरून होता, आणि मी सुटलो हे माझं नशीब. अशा झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. खुर्चीत बसतानाच सांगायचं, "मान मोडू नका हं." कुणी रागवत नाही.

पाचवी पायरी: घरच्या माणसाची पाठ

त्यांना पालथं झोपवा. पोटाखाली पातळ उशी आणि घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला की कंबरेवरचा ताण जातो. तेल आधी आपल्या हातांना लावा, पाठीवर ओतू नका. मग दोन्ही तळहात कंबरेवर सपाट ठेवून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत लांब, सावकाश न्या आणि कडेनं हलकेच खाली आणा. असं आठ-दहा वेळा. जोर मनगटातून काढू नका, आपलं अंग पुढं झुकवा. नाहीतर त्यांची पाठ सुटेल आणि तुमचे अंगठे धरतील.

अंग थोडं गरम झालं की मळायला घ्या. खांद्यावरचं, कंबरेच्या कडेचं मांस दोन्ही हातांनी आळीपाळीनं उचलायचं आणि सोडायचं. मग मणक्यापासून दोन बोटं अंतर ठेवून अंगठ्यांनी वर्तुळं काढत खालून वर जा. गाठीसारखं काही लागलं तर तिच्याशी वैर धरू नका. वीस-तीस सेकंद स्थिर दाब द्या, सोडा, पुढं चला. गाठ "फोडायची" नसते. थेट मणक्यावर दाब नाही आणि कंबरेच्या वर बरगड्या संपतात तिथं मुठीनं ठोकायचं नाही, कारण आत मूत्रपिंडं आहेत. शेवटी पुन्हा पहिल्यासारखे लांब हात फिरवून थांबा. पंधरा-वीस मिनिटं खूप झाली.

"ये रे, जरा पाठीवर चाल," म्हणून नातवाला बोलावणारे आजोबा घरोघरी आहेत. नातवाचा तोल आणि आजोबांची हाडं, दोन्हींचा भरवसा नाही. त्याला पोटऱ्या चेपायला बसवा.

सहावी पायरी: हात, जबडा, तळवे

द्राक्षबागेत कात्री चालवणाऱ्या बायकांचं, फळछाटणीपासून डिपिंगपर्यंत (म्हणजे घड औषधात बुडवण्यापर्यंत), मनगट आणि कोपराजवळचा भाग ठणकतो. दिवसभर मोबाइलवर बोटं फिरवणाऱ्यांचंही तेच. पुढचा हात मांडीवर टेकवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मनगटाकडून कोपराकडे सावकाश रेघ ओढत जा. कोपराखालच्या मांसल भागावर थोडं थांबा आणि त्याच वेळी मनगट वर-खाली हलवा. दोन्ही हातांना पाच-पाच मिनिटं. बोटांना सतत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर ते मालिशचं काम नव्हे, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

ताण आला की आपण नकळत दात आवळतो. कानासमोर, जबड्याच्या कोनावर बोटं ठेवून दात आवळा, एक जाड स्नायू फुगलेला लागेल. तोंड किंचित उघडं ठेवून त्यावर हलकी वर्तुळं काढा. मला हे फार उशिरा कळलं. मार्चअखेरचे हिशेब चालू असतात तेव्हा रोज रात्री करतो.

तळव्यांना काशाची वाटी. आजीकडून आलेली ही गोष्ट मी सोडलेली नाही. तळव्याला तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटी पालथी धरून टाचेपासून बोटांपर्यंत गोल फिरवायची, प्रत्येक पायाला दहा मिनिटं. शांत झोप लागते. तळवा काळा पडतो आणि मग "बघ किती उष्णता निघाली" असं म्हटलं जातं. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. त्यातल्या तांब्याशी तेला-तुपातल्या आम्लांची आणि घामाची क्रिया होऊन तो काळपटपणा येतो, साबणानं जातो. मधुमेह असलेल्यांनी आधी तळवे उजेडात नीट पाहावेत, भेग किंवा फोड असेल तर वाटी फिरवू नये. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना तेल किती गरम आहे हे कळतच नाही, तेव्हा ते दुसऱ्यानं हातावर तपासावं.

मनावरचा ताण

यासाठी वेगळी मालिश नाही. वरचीच, पण सावकाश आणि बडबड न करता. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. श्वास घेताना चार मोजा, सोडताना सहा. मालिश करणाऱ्यानं आपला हात त्या श्वासाच्या लयीत ठेवला तर आणखी बरं. घरातल्या माणसानं दहा मिनिटं डोकं चेपून दिलं की निम्मा ताण त्या जवळ बसण्यानंच उतरतो, असं माझं मत आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तेलावर भागवू नका. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन मोफत लागतो.

बाहेर कुणाकडे जाताना

दुखणं जुनं असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट. ते तपासतील, व्यायाम देतील. अंग नुसतं शिणलं असेल तर आयुर्वेदिक पंचकर्म केंद्रात अभ्यंग आणि नंतर स्वेदन म्हणजे वाफ मिळते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर वाफेआधी तिथल्या वैद्यांना सांगा. पाटीवर "थेरपिस्ट" कुणीही रंगवून घेतं, म्हणून शिक्षण कुठं झालं हे विचारायला लाजू नका. दर, वेळ, कुठल्या भागाची मालिश, कपडे किती काढायचे हे आधीच ठरवा. बायकांनी बाई हवी म्हणून सांगावं, तो हक्क आहे. मध्येच नको वाटलं तर "थांबा" म्हणायचं, आणि तुमचे आजार व गोळ्या न विचारता जो हात लावायला निघतो त्याच्याकडून उठून यायचं. "दहा दिवसांत चकती बसवून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

उरकल्यावर

एकदम उभं राहू नका, कुशीवर वळून मिनिटभर बसा, चक्कर येऊ शकते. पायाचं तेल पुसल्याशिवाय न्हाणीघरात जाऊ नका. म्हातारी माणसं तिथंच घसरतात आणि मग खुब्याचं ऑपरेशन होतं. कोमट पाण्यानं अंघोळ, मग पंधरा मिनिटं चालणं. आयर्विन पुलाकडं किंवा कृष्णेच्या घाटावर एक फेरी मारली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशीपासून अर्ध्या-पाऊण तासानं खुर्चीतून उठा, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणा. मांडवाखाली काम असेल तर पायाखाली पाट घ्या, म्हणजे हात कमी उंच न्यावे लागतात. आठवड्यातून दोनदा मालिश पुरते. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखलं तर चालतं. काळं-निळं पडलं किंवा दुखणं दोन दिवसांहून जास्त राहिलं तर पुढच्या वेळी दाब निम्मा करा. आणि तीन-चार आठवडे करूनही दुखणं जिथल्या तिथं असेल तर वाटी फडताळात ठेवा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.